महादंतसाहेबांनी वाळूच्या रानात लोकशाही आणली

एका जंगलात एकही झाड नव्हतं.

हसू नका, बालमित्रांनो. अशीही जंगलं असतात. तुमच्या पुस्तकात जंगल म्हटलं की वड, पिंपळ आणि मधून वाहणारी नदी काढलेली असते. या जंगलात नुसती वाळू होती. वाळूच्या मधोमध एक झरा होता आणि झऱ्याच्या पलीकडे नजर पोचेल तिथवर मिठाचा पांढरा पट्टा पसरलेला होता. तिथले प्राणी त्याला ‘आमचं रान’ म्हणायचे. त्यात उंट होते, शेळ्या होत्या, हरणं, ससे, घोरपडी आणि असे कितीतरी बारके जीव, ज्यांना नाव ठेवायची आठवणच कुणाला झाली नव्हती.

त्या रानात राजा नव्हता. हे बोधकथेच्या नियमात बसत नाही, मला माहीत आहे. पण नव्हता, त्याला मी काय करू?

रोज उन्हं कलली की सगळे प्राणी झऱ्याभोवती गोल करून बसायचे. पाणी पिण्याआधी दिवसभराचं बोलणं व्हायचं. कुणी कुणाच्या वाटेत आलं, कुठल्या बाजूला चरायला जायचं, कुणाचं कुणाशी वाजलं, सगळं तिथेच निघायचं. मग काहीतरी ठरायचं. जे ठरलं ते ज्याला पटलं नसेल, तो झऱ्याकडे पाठ करून बसायचा. आणि जोवर एक जरी पाठ झऱ्याकडे आहे तोवर कुणीही पाण्याला तोंड लावायचं नाही, असा रिवाज होता. एक तर त्या पाठमोऱ्याची समजूत काढायची, नाहीतर आपलं म्हणणं बदलायचं. तो आपणहून वळला की मग सगळ्यांनी मिळून प्यायचं. ढकलून वळवलेला धरला जात नसे.

एकदा शेळ्यांनी एका सशाचं बीळ तुडवलं आणि वर ‘बीळ वाटेत होतं’ असं ठरवून टाकलं. ससा वळून बसला. तो केवढा? तुमच्या डब्याच्या पिशवीएवढा. पण त्याच्या तेवढ्याशा पाठीपायी उंटांचा अख्खा कळप जिभा बाहेर काढून बसून राहिला. शेळ्या चिडल्या, रुसल्या, ‘आता हे रोजचंच झालं’ म्हणाल्या, आणि शेवटी त्यांनी वाट बदलली. मग ससा वळला.

पद्धत भयंकर वेळखाऊ होती. आमच्या घरी लागू केली तर सकाळचा चहा संध्याकाळी मिळेल. पण त्या रानात तहानेनं कुणी मेलं नव्हतं, हेही लिहून ठेवा.

आता दुसरं रान. हे फार लांब होतं आणि फार हिरवं होतं. तिथे हत्ती राहायचे. त्यांच्याकडे पाऊस होता, ऊस होता, केळी होती, विद्यापीठ होतं. फक्त मीठ नव्हतं. मीठ चाटायला मिळालं नाही की हत्तीच्या अंगातली ताकद जाते, आणि ताकद गेली की हत्ती म्हणजे नुसता पसारा. म्हणून हिरव्या रानाचे प्रमुख महादंतसाहेब एकदा वाळूच्या रानात आले.

“तुमच्यात निर्णय कोण घेतं?” त्यांनी विचारलं.

“आम्ही,” प्राणी म्हणाले.

“आम्ही म्हणजे कोण?”

“आम्ही म्हणजे आम्ही.”

महादंतसाहेबांना हे काही झेपलं नाही. तरी ते गोलात बसले. मीठ द्यावं असं बहुतेकांचं मत पडलं. पण नफीसा नावाच्या एका म्हाताऱ्या घोरपडीनं झऱ्याकडे पाठ केली. सगळ्या घोरपडी पट्ट्याच्या अलीकडच्या काठाला, उबदार वाळूत अंडी घालायच्या. तिथे हत्तींचे पाय पडले तर काय उरेल, असं तिचं म्हणणं होतं. बोलणं लांबलं. साहेबांनी सोंडेनं दोनदा अंगावर वाळू उडवून घेतली आणि ते उठले.

“सगळ्यांशी बोलायला आम्हाला वेळ नाही,” ते म्हणाले. “एक कुणीतरी द्या.”

दिला नाही, तेव्हा त्यांनीच शोधला. रानाच्या कडेला हश्मत नावाचा एक तरस होता. तोही रोज गोलात बसायचा, पण त्यानं आजवर कधी पाठ फिरवली नव्हती. त्याला कशाचं काही वाटायचंच नाही. महादंतसाहेबांना असाच समंजस प्राणी हवा होता.

अशा रीतीनं वाळूच्या रानाला राजा मिळाला. हिरव्या रानानं त्याला सिंहासन दिलं, लांडग्यांची पलटण दिली आणि हाडं नियमित पाठवायचं कबूल केलं. राजानं मीठ दिलं. दोन्ही रानांत मैत्री झाली, आणि त्या मैत्रीत शेळ्या कमी होऊ लागल्या.

हश्मतनं सिंहासन झऱ्यापाशी मांडलं. त्यामुळे झऱ्याकडे पाठ म्हणजे राजाकडे पाठ झाली आणि राजाकडे पाठ म्हणजे राजद्रोह. झऱ्यासमोरच्या टेकडीत एक गुहा होती, ती तुरुंग म्हणून उपयोगी पडली. तिच्या तोंडाशी एवढी मोठी शिळा ठेवली, की ती हत्तीशिवाय हलायची नाही. म्हणून मैत्रीची खूण म्हणून हिरव्या रानानं एक हत्तीही कायमचा दिला. तो गुहेच्या दाराशी उभा राहायचा आणि कुणी आत टाकायचा असला की शिळा सरकवायचा. बाकी तो कुणाच्या अध्यातमध्यात नसे.

मिठाची पहिली खेप निघाली त्या दिवशी मुनीर नावाचा एक तरणा उंट भर दरबारात झऱ्याकडे पाठ करून बसला. त्याला शूरवीर व्हायचं नव्हतं. घोरपडींची अंडी तुडवली जाताना त्यानं पाहिलं होतं आणि त्याला राग आला होता, एवढंच. लांडग्यांनी त्याला गुहेत नेलं आणि हत्तीनं शिळा लावली.

मुनीरची आई म्हणजे सफूरा सांडणी. या गोष्टीत तुम्ही लक्ष ठेवायचं ते तिच्यावर. बाकीचे येतील-जातील. सफूरा त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गुहेशी जायची आणि शिळेच्या फटीला तोंड लावून विचारायची, “आहेस ना रे?” आतून आवाज यायचा, “आहे.” तेवढं ऐकून ती परत यायची. अशी वर्षं गेली. हिरव्या रानाला या काळात वाळूच्या रानाबद्दल काहीच तक्रार नव्हती. त्यांच्या वार्षिक अहवालात ‘स्थैर्य’ असा शब्द असायचा.

मग हश्मतला आणखी एका लांबच्या रानातले गेंडे भेटले. गेंड्यांनाही मीठ हवं होतं आणि ते हाडं जास्त द्यायला तयार होते. हश्मतनं निम्मं मीठ गेंड्यांना दिलं.

त्याच आठवड्यात हिरव्या रानाला बातमी लागली, की हश्मत फार क्रूर आहे.

केवढा धक्का बसला त्यांना! हत्तींची सभा भरली. महादंतसाहेबांचे कान थरथरत होते. “तिथे एक गुहा आहे,” ते म्हणाले. “त्या गुहेत निरपराध प्राणी कोंडलेले आहेत. आणि तिथे म्हणे शिळा लावलेली आहे!” सभेत हुंदके ऐकू आले. ती शिळा कोण लावतं हे कुणी विचारलं नाही. अशा भावुक प्रसंगी बारीकसारीक विचारू नये. वाळूच्या रानाला लोकशाही द्यायची, असं एकमतानं ठरलं.

लोकशाही आली ती सकाळी. कळपच्या कळप धावत आला. हश्मतचे लांडगे पळाले, हश्मत टेकड्यांमागे पळाला, आणि सगळं दुपारच्या आत संपलं. झऱ्याचा चिखल झाला. सशांची बिळं बसली, काही ससे आतच राहिले. त्यांच्याबद्दल महादंतसाहेबांनी स्वतः दुःख व्यक्त केलं. ते म्हणाले, “हे ससे स्वातंत्र्यात गेले आहेत.”

सफूरा सगळ्यांच्या आधी धावत आली. तिच्या मानेवर वाळू होती आणि ती रडतही होती, हसतही होती. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे पुढे लोक म्हणू लागले की त्या रानातल्या प्राण्यांना स्वातंत्र्याची किंमतच नव्हती. किंमत होती. सफूरानं हत्तीच्या पायाला मान घासली.

“साहेब, तुमचे उपकार झाले,” ती म्हणाली. “आता तेवढी गुहा उघडा. माझं पोर आत आहे.”

“नक्की उघडायची,” महादंतसाहेब म्हणाले. “पण आम्ही कोण उघडणार? आम्ही तर पाहुणे. गुहा उघडणं हा धोरणाचा प्रश्न आहे. तो तुम्ही निवडून दिलेलं सरकार सोडवील.”

“पण शिळा तुमचाच हत्ती धरून उभा आहे.”

“तो तांत्रिक कर्मचारी आहे,” साहेब म्हणाले.

लोकशाही शिकवायला त्यांनी एक बगळा आणला होता. त्यांचं नाव डॉक्टर एकपाद. वाळूच्या रानावर त्यांचा मोठा ग्रंथ होता आणि तो लिहिताना त्यांनी तळ्यातला पाय एकदाही बाहेर काढला नव्हता. वाळू तापते हे त्यांना इथे आल्यावर कळलं. म्हणून झऱ्याभोवती कुंपण घालून हिरवळ लावली आणि वर मांडव घातला. त्याला ‘हिरवा पट्टा’ असं नाव दिलं. आत शिरायला गळ्यात बिल्ला लागायचा. कार्यशाळेला नाव नोंदवलं की बिल्ला मिळायचा, त्यामुळे ज्यांना ज्यांना पाणी हवं होतं ते सगळे कार्यशाळेला आले. लोकशाहीबद्दलची ही उत्सुकता पाहून डॉक्टरांना भरून आलं.

कार्यशाळा छान झाली. चहापान होतं. शेळ्यांनी बिस्किटं खाल्ली, मग कागदी बशा खाल्ल्या, मग माहितीपत्रकंही खाल्ली.

“लोकशाही म्हणजे काय, कुणी सांगेल?” डॉक्टरांनी विचारलं.

नफीसा घोरपडीनं मान वर केली आणि झऱ्याचा रिवाज सांगितला. डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं.

“फार गोड प्रथा आहे,” ते म्हणाले. “आमच्या संग्रहालयात याचा एक पुतळा ठेवू. पण ही लोकशाही नव्हे. लोकशाहीत मोजायचं असतं. जास्त असतील त्यांचं चालतं.”

“आणि कमी असतील त्यांचं?”

“ते गप्प बसतात. पुढच्या निवडणुकीत त्यांना परत विचारतात.”

“तोवर त्यांना तहान लागली तर?”

डॉक्टरांनी पाय बदलला. “घोरपडबाई, प्रश्न चांगला आहे. आपण चहानंतर घेऊ.”

चहानंतर प्रमाणपत्रं वाटली.

निवडणूक ठरली. एक उमेदवार हत्तींनी सोबतच आणला होता. तो शुजा नावाचा कोल्हा. लहानपणीच तो हिरव्या रानात गेला होता आणि तिथल्या विद्यापीठात त्यानं वाळूबद्दल भाषणं दिली होती. त्याचं प्रचाराचं भाषण प्राण्यांना कळावं म्हणून शेजारी डॉक्टर एकपाद भाषांतराला उभे राहिले, कारण शुजा आपली भाषा विसरून गेला होता. वाळू गरम लागते म्हणून तो भाषणभर उड्या मारत होता. ससे म्हणाले, नाचतो मात्र बरा.

दुसरी उमेदवार सफूरा. ती उभी राहायला तयार नव्हती. “मला राज्य कशाला? मला पोर हवंय,” ती म्हणाली. “सफूराआपा, आमचीही आहेत आत,” शेळ्या म्हणाल्या. “तुझा पाय तेवढा लांब पडतो, तू पुढे हो.” तेव्हा ती झाली. तिच्या जाहीरनाम्यात दोनच गोष्टी होत्या. गुहा उघडायची, आणि मिठाचं काय करायचं ते पहिल्यासारखं सगळ्यांना विचारून ठरवायचं.

खोटं कशाला सांगू, प्राण्यांना मतदान फार आवडलं. प्रत्येक उमेदवाराचा एक खड्डा होता आणि प्रत्येकानं एक खडा टाकायचा होता. उन्हात लांबच लांब रांग लागली. एक म्हातारी शेळी खडा टाकायच्या आधी तो चाटून बघत उभी राहिली, तरी मागचं कुणी ओरडलं नाही. आपला खडा आपल्याला हवा तिथे टाकता येतो आणि टाकल्यावर कुणी चावत नाही, हे त्यांना खरं वाटत नव्हतं. ज्यांना हे सगळं हसण्यावारी न्यायचं असेल त्यांनी खुशाल न्यावं. मी त्या रांगेला हसणार नाही.

सफूराचा खड्डा भरून खडे बाहेर सांडले. शुजाच्या खड्ड्यात एक खडा निघाला.

हत्तींनी सोंडा वर करून तिला सलामी दिली. महादंतसाहेबांनी तिच्या गळ्यात हार घातला. सफूरा तो हार तसाच घेऊन थेट गुहेशी गेली.

“शिळा काढा,” ती दाराच्या हत्तीला म्हणाली.

“साहेबांचा हुकूम लागेल.”

“मी निवडून आलेय.”

“अभिनंदन,” हत्ती म्हणाला. “हुकूम लागेल.”

ती महादंतसाहेबांकडे गेली. साहेब हिरवळीवर बसून केळी खात होते. त्यांनी तिला अगदी मानानं बसवून घेतलं.

“उघडू ना! आजच उघडू,” ते म्हणाले. “फक्त तेवढा मिठाचा करार आधी उरकून घेऊ. सगळा पट्टा आम्हाला, आणि गेंड्यांना एक चिमूट नाही. तुम्ही होकार दिलात की अंधार पडायच्या आत मुलगा घरी.”

“मला विचारावं लागेल.”

“कुणाला? तुम्हीच तर निवडून आलात.”

“म्हणूनच,” सफूरा म्हणाली.

त्या दिवशी उन्हं कलल्यावर किती वर्षांनी झऱ्याभोवती गोल भरला. कुंपणाचं फाटक सफूरानं उघडं ठेवायला लावलं आणि बिल्ले नसलेलेही आत आले. हत्ती मांडवात बसले. सफूरानं सगळ्यांना सरळ सांगितलं, की मीठ दिलं तर गुहा उघडते, नाही दिलं तर उघडत नाही.

“देऊन टाक,” शेळ्या म्हणाल्या. “मीठ काय करायचंय? पोरं येऊ देत.”

“देऊन टाक,” हरणं म्हणाली. उंट म्हणाले, ससे म्हणाले.

मी तिथे असतो तर मीही म्हणालो असतो. तुम्हीही म्हणाला असतात. आई आहे, पोर आहे, मधे एक दगड आहे. मिठाचं काय एवढं?

तेवढ्यात नफीसा घोरपड सरपटत पुढे आली, जागेवर गोल फिरली आणि झऱ्याकडे पाठ करून बसली.

मांडवात महादंतसाहेबांनी डॉक्टरांना विचारलं, “ही कोण?”

“अल्पसंख्य,” डॉक्टर म्हणाले.

“किती आहेत?”

“एक.”

“मग झालं तर! बहुमत मिळालं,” साहेब मोठ्यानं म्हणाले.

“नाही झालं अजून,” सफूरा म्हणाली आणि नफीसाच्या समोर जाऊन गुडघ्यांवर बसली. उंटाला गुडघ्यांवर बसायला किती वेळ लागतो ते तुम्ही पाहिलं असेल. 

“नफीसाखाला,” सफूरा म्हणाली, “माझं पोर आत आहे.”

“माहीत आहे गं. त्याला आत जाताना मी पाहिलंय. माझी वाळूत आहेत.”

“इतकी वर्षं गेली, खाला.”

“माझीही गेली. दर वर्षीची गेली.” नफीसानं मान खाली घातली. “तू म्हण, मी वळते. तुझ्या शब्दाबाहेर मी नाही. पण मनानं वळले असं मात्र कुणाला सांगू नकोस.”

सफूरानं मान वळवून पट्ट्याच्या अलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, “अंडी फुटायला किती अवकाश आहे?”

“ही अमावास्या जाऊ दे. मग पिल्लं चालती होतील. त्यानंतर अलीकडचा काठ सोडून पलीकडून न्या म्हणावं, काय न्यायचं ते. मी आडवी येणार नाही.”

झालं, बालमित्रांनो. प्रश्न सुटला होता. एक अमावास्या थांबायचं आणि थोडा वळसा घालून जायचं. सफूरा आनंदानं उठली आणि तिनं हे मांडवात जाऊन सांगितलं. झऱ्याचा रिवाज असाच चालायचा. आधी सगळं अडतं आणि मग असं काहीतरी निघतं, की जे आधी कुणालाच सुचलेलं नसतं.

महादंतसाहेबांचं तोंड उतरलं.

“थांबायचं?” ते म्हणाले. “एका घोरपडीसाठी?”

“एक अमावास्या, साहेब.”

“प्रश्न अमावास्येचा नाही, तत्त्वाचा आहे. आज घोरपड आम्हाला वाट दाखवणार, उद्या ससे दाखवतील. आम्ही हत्ती आहोत.” मग त्यांनी आवाज मऊ केला. “सफूराबाई, तुम्ही आई आहात. इकडे या. नुसतं हो म्हणा. तुम्ही हो म्हटलंत की मी सोंड वर करतो, आणि तिकडे शिळा सरकते. दिसतंय ना तुम्हाला इथून?”

दिसत होतं. टेकडी समोरच होती. दाराचा हत्ती शिळेला खांदा लावून, साहेबांच्या सोंडेकडे बघत उभा होता.

सफूरा बघत राहिली.  मला इथे तुम्हाला काहीतरी गमतीचं सांगायला हवं, पण सुचत नाही.

“साहेब,” ती शेवटी म्हणाली, “हिच्या अंड्यांपायी पाठ फिरवून माझं पोर आत गेलं. हिला ढकलून त्याला बाहेर काढलं, तर तो मला विचारील, अम्मी, मग मी कशासाठी आत होतो? त्याला मी काय सांगू?”

ती परत आली, नफीसाच्या शेजारी बसली आणि तिनं झऱ्याकडे पाठ केली.

मग शेळ्या वळल्या. त्यांची पोरं आत होती तरी वळल्या. करडं आयांकडे बघून वळली. उंट वळले, हरणं वळली. ससे फार उरले नव्हते, जे होते ते वळले. शेवटी झऱ्याकडे तोंड करून फक्त हत्ती आणि डॉक्टर एकपाद बसले होते, आणि त्यांच्यासमोर नुसत्या पाठी होत्या.

डॉक्टरांनी रात्र होण्यापूर्वीच अभ्यास पूर्ण केला. वाळूच्या रानात ‘कडवे पाठमोरे’ नावाची एक जहाल संघटना असून तिनं निवडणुकीच्या मार्गानं सत्ता बळकावली आहे, असं त्यात निघालं. एका घोरपडीनं अख्ख्या रानाला ओलीस धरलं आहे. निवडणूक निर्दोष होती, मात्र निकाल सदोष आहे. प्राणी अजून लोकशाहीला तयार नाहीत.

“आपण घाई केली,” महादंतसाहेब खिन्न होऊन म्हणाले. “आपल्या चांगुलपणाचा हाच दोष आहे.”

आता राज्य कुणाला द्यायचं? शुजा कोल्ह्याला विचारलं असतं, पण तो पायाला फोड आले म्हणून आधीच हिरव्या रानात परत गेला होता. तेव्हा टेकड्यांमागून हश्मतला बोलावलं. हश्मत बदलला होता. गेंड्यांशी बोलणं त्यानं सोडलं होतं. शिवाय त्यानं डॉक्टरांची कार्यशाळा स्वतंत्रपणे पूर्ण केली, आणि सगळ्या प्रश्नांना ‘होय’ असं उत्तर दिल्यामुळे तो पहिला आला. प्रमाणपत्र गळ्यात घालून तो सिंहासनावर बसला. आता त्याला राजा म्हणायचं नव्हतं, काळजीवाहू म्हणायचं होतं. पलटणही परत आली. लांडग्यांना निळे बिल्ले दिले होते, त्यामुळे ते आता निरीक्षक होते.

मीठ दुसऱ्याच दिवशी निघालं, अलीकडच्या काठानं. अंड्यांचं काय झालं ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात.

हत्ती परत निघाले तेव्हा महादंतसाहेबांनी निरोपाचं भाषण केलं. दिलेलं प्रत्येक आश्वासन आम्ही पाळलं, ते म्हणाले. निवडणूक घेऊ म्हणालो होतो, घेतली. गुहा उघडू म्हणालो होतो, आज उघडत आहोत.

आणि खरंच उघडली. साहेबांनी सोंड वर केली. दाराच्या हत्तीनं शिळेला खांदा लावला आणि शिळा करकरत बाजूला सरकली. लांडग्यांनी सफूराला पुढे आणलं. गळ्यातला हार सुकून गेला होता, तो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिला आत ढकललं आणि शिळा परत लागली.

आत काळोख होता. कोपऱ्यात काहीतरी हललं. केवढासा झाला होता मुनीर! सफूरानं त्याला वासानं ओळखलं. त्यानं तिला आवाजानं ओळखलं.

“अम्मी?” तो म्हणाला. “तू कशी काय इथे?”

“मी निवडून आले, बेटा,” सफूरा म्हणाली.

मुनीर भिंतीकडे सरकला आणि त्यानं तिला शेजारी जागा करून दिली.

तात्पर्य : ज्यांच्याकडे मीठ असतं, ते प्राणी लोकशाहीला अजून तयार नसतात. मीठ संपलं की ते आपोआप तयार होतात, असं तज्ज्ञ सांगतात. पण खात्री करून घ्यायला त्यानंतर तिकडे कुणी जात नाही.